पडद्यामागचा सूर आणि शब्द

चित्रपट काढणें हें एके काळीं धनिकांचें काम होतें. आज खिशांतल्या मोबाइलनें चित्र टिपतां येतें, घरच्या संगणकावर तें जोडतां येतें. त्यामुळें महाविद्यालयांतील चार-सहा मुलामुलींनीं सुटींत मिळून एखादा लहानसा चित्रपट तयार करणें ही नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. अशा चित्रपटाचा विषय बहुधा ठरलेला असतो. कोंवळें वय, नवी ओळख, ओठांवर येऊनही न बोलतां येणारें प्रेम आणि त्यापायीं उडणारी फजिती. या विषयांत वावगें असें कांहींच नाहीं. संस्कृत नाटककारांनींही याच धाग्यानें पुष्कळ भरजरी वस्त्रें विणलीं. अडचण येते ती शेवटीं. चित्रें जोडून झालीं, संवाद जागच्या जागीं बसले, म्हणजे मुलें म्हणतात, "आतां संगीत टाकूं या." या 'टाकूं या' शब्दांतच पुढच्या साऱ्या घोटाळ्याचें बीज असतें. भाजी शिजून तयार झाल्यावर वरून कोथिंबीर टाकावी, तसें संगीत टाकतां येत नाहीं. तें भाजीच्या रसांत उतरावें लागतें.

हें नीट समजण्यासाठीं एक उदाहरण घ्यावें. नागपूरच्या उत्तरेस, सावनेर तालुक्यांत, कन्हान नदीच्या कांठीं खापा हें गांव आहे. विणकरांचें गांव ही त्याची जुनी ओळख. जवळच गुमगांवची मँगनीजची खाण आहे. समजा, या गांवांतील विद्यार्थ्यांनीं अर्ध्या तासाचा एक विनोदी प्रेमपट केला. त्याची कथा अशी : एक मुलगा व एक मुलगी रोज एकाच एस. टी. गाडीनें सावनेरला शिकावयास जातात. मुलगा तिची वही मागून घेतो आणि परत करतांना तींत एक चिठ्ठी ठेवतो. वही मुलीच्या हातीं पडावयाची ती तिच्या आजोबांच्या हातीं पडते. आजोबा मागावर बसलेले आहेत. ते वही उघडतात, चिठ्ठी बाहेर काढतात आणि चष्मा शोधूं लागतात. चष्मा त्यांच्या कपाळावरच आहे. मुलगा दारांत खिळून उभा आहे. आतां प्रश्न असा कीं, या प्रसंगीं कोणतें संगीत द्यावें?

दहांतील नऊ मुलें येथें दोहोंपैकीं एक गोष्ट करतील. कोणी एखाद्या भयपटांतला धडधडणारा ढोल आणून बसवील, तर कोणी विदूषकाच्या उडीला शोभेल असा टुणटुण आवाज घालील. दोन्ही ठिकाणीं चूक एकच. मुलाची भीति त्याच्या चेहऱ्यावर दिसतच आहे. ती ढोलानें पुन्हां सांगण्याचें कारण नाहीं. प्रसंग गमतीचा आहे हें प्रेक्षकाला कळलेलेंच आहे. 'आतां हसा' असा हुकूम त्याला नको असतो. हुकूम झाला कीं हसूं परत फिरतें. जें चित्र सांगून चुकलें, तें संगीतानें पुन्हां सांगूं नये, हा या कलेतील पहिला धडा होय.

मराठी चित्रपटाला हा धडा फार पूर्वीं मिळालेला आहे. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्यें पडद्यावर आला, तेव्हां चित्र मुकें होतें आणि मूकपटांच्या त्या काळीं वादक पडद्याजवळ बसून वाद्यें वाजवीत. १९३२ मध्यें प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट निघाला आणि आवाज चित्राच्या बरोबरीनें येऊं लागला. नवा दागिना अंगावर आला कीं तो सारखा मिरवावासा वाटतो. बोलपटांचेंही कांहीं काळ तसेंच झालें. अशा काळांत, १९३७ मध्यें, व्ही. शांताराम यांनीं ना. ह. आपटे यांच्या कादंबरीवरून 'कुंकू' काढला. केशवराव भोळे यांचें संगीत असलेल्या त्या चित्रपटांत नेहमींच्या पार्श्वसंगीताला रजा देऊन घरांत व घराभोंवतीं सहज ऐकूं येणारे आवाजच वापरण्यांत आले. भिंतीवरचें घड्याळ हें तर त्या चित्रपटांतील एक पात्रच होऊन बसलें आहे. जरठविवाहाची ती कथा गंभीर असली, तरी तिच्यांतून विनोदी चित्रपट काढणारालाही शिकतां येतें. वाद्याचा एक स्वरही न लावतां पडदा बोलका करतां येतो.

आतां पुन्हां खाप्याच्या त्या दारांत यावें. आजोबा मागावर बसलेले आहेत, म्हणजे धोट्याची ये-जा आणि मागाची खटखट प्रसंगाच्या आरंभापासून चाललेली असणार. हाच त्या दृश्याचा ताल. वही हातीं येतांच खटखट थांबते. जी खटखट आतांपर्यंत कोणाच्या लक्षांतही नव्हती, ती थांबल्याबरोबर साऱ्या प्रेक्षकांचें लक्ष तिकडे वेधतें. घरांत इतकी शांतता पसरते कीं चिठ्ठीची घडी उलगडल्याचा आवाजही मोठा वाटावा. आजोबा इकडेतिकडे चांचपडतात. ही शांतता जितकी लांबेल, तितका मुलाचा जीव टांगणीला लागेल आणि तितकें प्रेक्षकांचें हसूं दाटून येईल. आजोबांचा हात अखेर कपाळाला लागतो तेव्हां तें फुटतें. या प्रसंगाला एका पैशाचें संगीत लागलें नाहीं, आणि जें ऐकूं आलें तें खाप्यावांचून दुसरीकडून सहज आणतां आलें नसतें.

याचा अर्थ पार्श्वसंगीत अजिबात नको असा नव्हे. तें कोठें हवें हें ठरविण्याची एक रीत आहे. जोडलेला चित्रपट प्रथम संगीताशिवाय दोनदां पाहावा. जेथें मन आपोआप गुंतून राहतें, ती जागा सोडून द्यावी. जेथें पोकळी भासते, तेथें आधीं कात्री लावून पाहावी. कारण लांबलेलें दृश्य संगीतानें आंखूड होत नाहीं. एवढें करूनही ज्या जागा उरतील, त्यांची वहींत नोंद करावी : संगीत कोणत्या क्षणीं सुरू व्हावें, कोणत्या क्षणीं संपावें आणि तें कशासाठीं हवें. 'कशासाठीं' या रकान्यांत 'प्रसंग प्रेमाचा आहे म्हणून' एवढेंच लिहितां येत असेल, तर ती नोंद खोडून टाकावी. 'मुलीला चिठ्ठीची गोष्ट कळली आहे, पण मुलाला तें ठाऊक नाहीं' असें लिहितां आलें, तर तेथें संगीताला खरोखर काम आहे. कारण जें चित्रांत दिसत नाहीं, तें त्याला सांगावयाचें आहे.

चित्रें जोडतांना तात्पुरतें म्हणून एखाद्या गाजलेल्या चित्रपटाचें संगीत खालीं लावून ठेवण्याची मुलांना संवय असते. ही संवय घातक आहे. पंधरा दिवस तेंच ऐकून कान त्याला इतके सरावतात कीं पुढें मित्रानें मनापासून केलेली नवी चाल सर्वांना बेचव लागते. उसन्या दागिन्याचा लोभ सुटत नाहीं आणि आपला साधा मणी गळ्यांत घालावयास लाज वाटते.

लहान चित्रपटाला एकच चाल पुरते. ती चार-सहा स्वरांची, गुणगुणतां येईल अशी असावी. एस. टी.च्या खिडकीशीं मुलगी दिसते तेव्हां ती बासरीवर एकदां यावी. मुलगा चिठ्ठी लिहितांना तीच पेटीवर अडखळत यावी. फजिती होतांच मध्येंच तुटावी. आणि शेवटीं, सारें निवळल्यावर, ती प्रथमच पूर्ण ऐकूं यावी. श्रोत्याला चाल ओळखीची झालेली असते, म्हणून ती पूर्ण होतांच त्यालाही कांहीं पुरें झाल्याचें समाधान मिळतें. विनोदाच्या जागीं संगीत हसण्याच्या आधीं थांबावें, हसूं सरल्यावर हवें तर पुन्हां यावें. संवादाखालीं शब्द असलेलें गाणें तर कधींच नसावें. दोन माणसें एकदम बोलूं लागलीं म्हणजे दोघांचेंही ऐकूं येत नाहीं, तसाच तो प्रकार होतो. सतीश राजवाडे यांचा २०१० सालचा 'मुंबई-पुणे-मुंबई' हा चित्रपट जवळजवळ सर्वस्वीं दोन तरुण माणसांच्या संभाषणावर उभा आहे. जेथें बोलण्यांतच प्रेमाची आंच आहे, तेथें वाद्यांनीं पायरीवर बसावें, माजघरांत येऊं नये.

मोठ्या खर्चाचें संगीतही शांततेची किंमत जाणून असतें. नागराज मंजुळे यांच्या २०१६ सालच्या 'सैराट'साठीं अजय-अतुल यांनीं अमेरिकेत जाऊन पाश्चात्य वाद्यवृंदाचें ध्वनिमुद्रण केलें. कोंवळ्या प्रेमाच्या उन्मादाला तो भरगच्च नाद शोभून दिसला. पण त्याच चित्रपटाच्या अखेरीस सारा नाद मावळतो आणि शेवटचें भयंकर दृश्य निःशब्द राहतें. पूर्वार्धांत संगीताचा एवढा पूर आला नसता, तर ती शांतता एवढी झोंबली नसती.

चित्रपटगीतांच्या ठराविक थाटाचा उपयोग विनोदासाठीं करावयाचा झाल्यास तोही उघड आणि जाणून केलेला असावा. सई परांजपे यांनीं चित्रपटाकडे वळण्यापूर्वीं पुणें नभोवाणीवर काम केलें होतें. १९८१ सालच्या त्यांच्या 'चश्मे बद्दूर' या हिंदी चित्रपटांत दिल्लींत एका खोलींत राहणारे तीन विद्यार्थी आहेत. त्यांतील दोघे आपल्या प्रेमविजयाच्या थापा मारतात, तेव्हां चित्रपटी प्रेमगीतांच्या थाटाची थट्टा तेथें रंगली आहे. थाप खोटी, म्हणून तिचें संगीतही उसन्या ऐटीचें. तिसऱ्या मित्राचें प्रेम खरें, म्हणून त्याची रीत निराळी. उसनें संगीत कोठें वापरावें याचें याहून स्पष्ट उत्तर शोधूनही सांपडणार नाहीं.

आतां निवेदनाकडे वळूं या. पडद्यावर न दिसणाऱ्या माणसाचा आवाज कथा सांगतो, हें साधन दिसावयास सोपें व वापरावयास अवघड. मृणाल सेन यांच्या १९६९ सालच्या 'भुवन शोम'मध्यें एका कडक रेल्वे अधिकाऱ्याची ओळख करून देणारा आवाज अमिताभ बच्चन यांचा आहे. चित्रपटसृष्टींतलें त्यांचें पहिलें काम तेंच. तेथें निवेदकानें थोडक्यांत, किंचित् मिस्किलपणें माणसाची ओळख करून द्यावी आणि बाजूला व्हावें, असा बेत आहे. विनोदी निवेदनाचा दुसरा प्रकार उलट साक्षीचा. 'आपण मुळींच घाबरलों नव्हतों' असें मुलगा आवाजांत सांगतो आणि पडद्यावर त्याच्या हातांतील चहाचा पेला लटपटत असतो. येथें शब्द व चित्र यांचें भांडण हाच विनोद होय. 'मी चहा प्यालों' असें म्हणत चहा पिणारा मुलगा मात्र प्रेक्षकाचा वेळ फुकट घालवितो.

पण निवेदनांत याहून मोठी गोष्ट गुंतलेली आहे. ज्याचा आवाज, त्याची कथा. विद्यार्थ्यांच्या बहुतेक प्रेमपटांत आवाज मुलाचा असतो. 'ती हसली आणि सारें समजलें' असें तो सांगतो. पडद्यावर मात्र मुलगी नुसती हसलेली असते. मैत्रिणीच्या एखाद्या बोलण्यालाही ती हसली असेल. तिच्या हसण्याचा अर्थ तिला न विचारतांच ठरवून टाकण्यांत येतो. मुंबईसारख्या शहरांत या गोष्टीचा बोभाटा होत नसेल. खाप्यासारख्या गांवीं तो चित्रपट त्या मुलीची आई, काका, शेजारीपाजारी आणि पुढें तिच्याशीं सोयरीक जोडूं पाहणारे लोकही पाहणार. चित्रपटांतील मुलगी आणि ती भूमिका करणारी मुलगी यांतील भेद सर्वांनाच राखतां येतो असें नाहीं. खट्याळ संगीत व मुलाचें बढाईखोर निवेदन यांच्या जोरावर उठलेलें हसूं कथेंतील फजितीवर न थांबतां त्या जित्याजागत्या मुलीच्या अंगावर जाऊन पडतें. तिनें मित्रांवर विश्वास टाकून काम केलेलें असतें. तो विश्वास राखणें हें संगीतापेक्षां व निवेदनापेक्षांही आधीं येतें.

स्त्रीच्या मनाचा आवाज कसा द्यावा याचें एक विलक्षण उदाहरण बासु चटर्जी यांच्या १९७४ सालच्या 'रजनीगंधा' या चित्रपटांत आहे. मन्नू भंडारी यांच्या कथेवरून तो घेतलेला आहे. दोन पुरुषांच्या ओढींत सांपडलेली नायिका मुंबईत जुन्या स्नेह्यासह टॅक्सींतून जात आहे. दोघेंही गप्प आहेत. तिच्या मनांतील द्वंद्व मुकेश यांच्या आवाजांतील गीतानें व्यक्त झालें आहे. आवाज पुरुषाचा, पण मन तिचें. सलील चौधरी यांच्या त्या रचनेंत कोणी तिच्यावर निकाल देत नाहीं. तिचा गोंधळ तिचाच राहूं दिला आहे. तेव्हां आवाज स्त्रीचा कीं पुरुषाचा एवढ्यानें प्रश्न सुटत नाहीं. बोलणारा तिच्या बाजूनें जग पाहतो कीं तिच्याकडे नुसतें टक लावून पाहतो, हें विचारावें लागतें. खाप्याच्या चित्रपटांत मुलाच्या बढाया सुखानें चालूं द्याव्या. पण अखेरीस एकदां तरी आवाज मुलीचा यावा आणि तीच गोष्ट तिनें दोन वाक्यांत आपल्या परीनें सांगावी. तिला चिठ्ठी पहिल्याच दिवशीं कळली होती, आणि वही आजोबांच्या हातीं तिनेंच दिली होती, असें तिनें सांगितलें, तर आधींच्या साऱ्या फजितीला नवा अर्थ येईल आणि हसण्याची सत्ता तिच्या हातीं जाईल.

निवेदनाची भाषा कानासाठीं लिहावी. वाक्य एका दमांत म्हणतां आलें पाहिजे. पुस्तकी पुणेरी वळण आणण्याचा अट्टाहास करूं नये. 'काऊन', 'येऊन राहिला', 'काय बाप्पा' हें ज्यांच्या तोंडीं जन्मापासून बसलें आहे, त्यांनीं तें लपविलें म्हणजे आवाजांतला जीव जातो. बोलीला विनोदाचें पात्र मात्र बनवूं नये. ती हसण्यासाठीं नसून सांगण्यासाठीं आहे. ध्वनिमुद्रण रात्रीं, गांव निजल्यावर, पंखा बंद करून लहान खोलींत करावें. उघड्या भिंतींवर गोधड्या टांगल्या म्हणजे आवाज घुमत नाहीं. मायक्रोफोन तोंडापासून साधारण एक वीत दूर व किंचित् कडेला धरावा, म्हणजे 'प', 'फ' यांचे फटकारे बसत नाहींत. सर्व झाल्यावर कोणीही न बोलतां खोलीची नुसती शांतता अर्धा मिनिट मुद्रित करून ठेवावी. वाक्यें जोडतांना मधल्या फटी बुजविण्यास तीच उपयोगीं पडते.

राहिला हक्काचा प्रश्न. विद्यार्थ्यांचा चित्रपट म्हणून वाटेल तें गाणें उचलतां येतें ही समजूत खरी नव्हे. १९५७ च्या कायद्याप्रमाणें स्वररचनेवरील हक्क रचनाकाराच्या हयातींत व त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षें चालतो. ध्वनिमुद्रिकेचा हक्क निराळा, तो प्रसिद्धीनंतर ६० वर्षें चालतो. म्हणजे मुद्रिका जुनी झाली तरी तिच्यांतील चाल मोकळी झाली असें होत नाहीं. आज इंटरनेटवर चित्रपट चढवितांच त्यांतील परकें संगीत यंत्राकडूनही ओळखलें जातें आणि कधीं कधीं आवाजच बंद होतो. कांहीं संगीतकार आपल्या रचना अटी घालून विनामूल्य देतात. त्या घेतांना नांव देण्याची, धंद्यासाठीं न वापरण्याची वगैरे अट नीट वाचावी. सर्वांत निर्वेध मार्ग म्हणजे गांवच्या भजनी मंडळांतील पेटीवाल्यास किंवा बासरी वाजविणाऱ्या मित्रास बोलवावें, त्याची लेखी संमति घ्यावी आणि श्रेयनामावलींत त्याचें नांव ठळक द्यावें.

सर्व जमून आलें म्हणजे चित्रपटाची दुहेरी परीक्षा घ्यावी. एकदां आवाज बंद करून तो पाहावा. मग पडद्याकडे पाठ करून, नभोवाणीवरील श्रुतिका ऐकावी तसा, तो नुसता ऐकावा. दोन्ही वेळां तंतोतंत एकच गोष्ट कळली, तर दोहोंतून एक बरेंचसें फुकट गेलें असें समजावें. पाहतांना एक कळलें, ऐकतांना दुसरें कळलें आणि दोन्ही एकत्र येतांच तिसरें कांहीं उमटलें, तर संगीत व निवेदन यांची निवड साधली. त्यानंतर गांवच्या चौकांत पडदा लावण्यापूर्वीं एक खेळ निराळा करावा. त्याला प्रेक्षक दोनच बोलवावे : भूमिका करणारी मुलगी आणि तिच्या घरचें एखादें वडील माणूस. ज्या जागीं त्यांना हसूं येईल, ती तशीच ठेवावी. ज्या जागीं मुलगी मान खालीं घालील, तेथील संगीत त्याच रात्रीं काढून टाकावें.